शिळेवरचं अर्धं वचन

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका. देवळात पुढची जागा रिकामी आणि पंगतीत मागची रिकामी, असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही. पेटीवाले, जरा थांबा. आधी मला एक विचारायचं आहे.

आपलं माणूस जातं. आपण विश्वासणारे. दर रविवारी उभं राहून मोठ्यानं म्हणतो, देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. म्हणतो ना? मग सोमवारी सकाळी त्याच माणसाच्या चपला दारात दिसल्या की त्या हलवायला हात का धजत नाही? ही जी ओढ लागते गेलेल्या माणसाची – ती काय आहे? विश्वास कमी पडला म्हणून लागते? पाप आहे ते? की दुसरंच काही?

उत्तर घाईनं देऊ नका. एका माणसाला ते मिळायला फार दिवस लागले. त्याचीच गोष्ट सांगतो. ऐका.

प्रवरेच्या काठी करंजथडी नावाचं गाव. गावाच्या टोकाला ख्रिस्ती वस्ती, वस्तीला लहानसं देऊळ, देवळामागं कबरस्तान. तिथं एलिशा मकासरे नावाचा पाथरवट राहायचा. पाटे-वरवंटे घडवावेत, जात्यांना टाकी लावावी, आणि मंडळीत कोणी गेलं की त्याच्या कबरेचा दगड करावा. हात असा की काळा कातळ त्याच्यापुढं लोण्यासारखा. पण एक गोष्ट होती – एलिशाला वाचता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बुवा, वाचता येत नव्हतं तर दगडावर नाव कसं कोरायचा? तर त्याची बायको होती, तबिथाबाई. मिशनच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकलेली. ती दगडावर गेरूनं अक्षरं काढून द्यायची आणि एलिशा त्या रेघांवरून छिन्नी चालवायचा. ती काढायची, हा कोरायचा. अडतीस वर्षं. अक्षरं काढताना तिची जीभ दातांत धरलेली असायची. काम झालं की गेरूची बोटं पुसायला फडकं शोधायचा तिला कंटाळा. शेजारी नवरा बसलेला आहे, त्याच्या सदऱ्याला बाही आहे, मग फडकं कशाला? तिथंच पुसायची. तो म्हणायचा, "अगं, धुतलेला सदरा हाय." ती म्हणायची, "मग धुवायचा कुणी, तुम्ही?" संपलं भांडण. इथं बसलेल्या नवरेमंडळींना हे भांडण ओळखीचं वाटेल.

तर ही तबिथाबाई चैत्रात काविळीनं आजारी पडली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी दुपारी गेली.

मंडळी, शास्त्रातसुद्धा एक तबिथा आहे. यापो गावची. ती मेली, बायका तिनं शिवलेले कपडे दाखवून रडल्या, प्रभूचा शिष्य पेत्र आला, गुडघे टेकले आणि म्हणाला, तबिथे, ऊठ. आणि ती उठली. एलिशानं ही गोष्ट देवळात शंभर वेळा ऐकलेली. त्या दुपारी त्यानं काय करावं? सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. दार लोटलं. गुडघे टेकले. आणि हळूच म्हणाला, "तबिथे, ऊठ."

घटकाभर वाट पाहिली त्यानं. मग उठला, दार उघडलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "न्या आता."

दफनाच्या वेळी पाळक होते रेव्हरंड शीलवंत पारधे. तरुण, सालस माणूस, नुकतेच शिकून आलेले. एलिशा कबरेच्या कडेला उभा राहून रडत होता. हुंदका आवरेना. पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "एलिशाभाऊ, डोळे पुसा. तबिथाबाई प्रभूपाशी आहेत. शास्त्र सांगतं, शोक करू नका. तुम्हीच तर हे वचन कितीतरी दगडांवर कोरलंय."

खरंच कोरलं होतं. करंजथडीच्या कबरस्तानात चौदा दगडांवर तेच तीन शब्द होते – शोक करू नका. एकानं घातलं, म्हणून दुसऱ्यानं घातलं, तशी रीतच पडली. एलिशानं डोळे पुसले. आपणच कोरलेलं वचन आपण मोडायचं, म्हणजे काय?

चार दिवसांनी तो पाळकांकडे गेला. ओट्यावर बसला. म्हणाला, "पाळकसाहेब, येवढंच सांगा. तिथं गेल्यावर ती मला भेटंल ना? माझी म्हणून भेटंल ना?"

पाळक अडखळले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, "भेट होईल. पण प्रभूनं म्हटलंय की पुनरुत्थानात कोणी लग्न करत नाही, कुणाचं लग्न करून देत नाहीत. तिथं नातं देवाशी. बाकीची नाती इथंच राहतात, असं मोठमोठ्या शास्त्र्यांनी लिहिलंय. म्हणून तर म्हणतो भाऊ, त्यांच्याकडून मन काढून घ्या. प्रभूकडे लावा."

एलिशा घरी आला. आणि मंडळी, त्या दिवसापासून त्यानं छिन्नी खाली ठेवली. तबिथासाठी निवडलेली शिळा अंगणात आडवी पडली होती, चांगली घासून तयार. तिच्यावर एक रेघ उमटेना. अक्षरं काढणारी गेली हे एक. पण खरं दुखणं निराळं होतं. लोक म्हणायचे, घाल की तेच वचन. त्याच्या मनात यायचं – तिच्या उरावर मी लिहू, शोक करू नका? आणि मग घरात जाऊन काय करू? बायकोनं बोटं पुसलेला सदरा त्यानं खुंटीला तसाच ठेवला होता. शेजारणी धुवायला मागायला आल्या तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, फाटका हाय." फाटका नव्हता.

रविवारी देवळात यायचा, पण प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर घ्यायची, वेळ झाली की बाहेर जाऊन उभा राहायचा. आपण वचन मोडतोय असं वाटायचं त्याला. दिवसा कामाला बसायचं तर शेजारची जागा रिकामी. मूठभर गेरू वाटीत तसाच वाळून गेलेला. माणसाला माणसाची ओढ लागते म्हणजे काय होतं, हे ज्याला लागलीय त्याला सांगायला नको, आणि ज्याला लागलेली नाही त्याला सांगून उपयोग नाही. देवावर राग नव्हता त्याचा. फक्त ती हवी होती. एवढंच. आणि एवढंच हवं असणं हा गुन्हा आहे, असं त्याला वाटत होतं.

पेटी घ्या थोडी.

*ओस पडे वाट, डोळ्यांतला पाट* – नाही, सुरुवातीपासून घेऊ –

*गेले माझे कोणी, ओस पडे वाट,*
*डोळ्यांतला पाट, वाहू द्यावा.*
*आशा ज्याच्या पोटी, त्याचे ओले डोळे,*
*देवाला ते कळे, बोलाविना.*

बरं. पुढं ऐका.

आषाढ गेला, श्रावण गेला. कुणीतरी एलिशाला सांगितलं, नगरला पंडित नथनिएल चक्रनारायण आहेत. पाळकांना शिकवणारे. आता थकलेत, डोळ्यांनी दिसत नाही, पण शास्त्र सगळं तोंडपाठ. एलिशानं सदरा अंगात घातला – कुठला ते सांगायला नको – आणि एस. टी. धरली.

पंडितजी बाजेवर बसले होते. एलिशानं आपलं नाव, गाव, धंदा सांगितला, आणि सरळ विचारलं, "पंडितजी, बायको गेल्यावर रडणं पाप हाय का?"

"कोण म्हणतं?"

"शास्त्र म्हणतं. मी सोता कोरलंय. शोक करू नका."

पंडितजींनी मान वर केली. "वचन एवढंच कोरलंस? वरचं कुठंय?"

"वरचं कसलं?"

आता बघा हां मंडळी. पंडितजी म्हणाले, "अरे, हे प्रेषित पौलाच्या पत्रातलं वाक्य आहे. थेस्सलनीका शहरात नवी मंडळी होती. त्यांची माणसं मेली आणि ते घाबरले, आता प्रभू आल्यावर ही राहून जाणार की काय? त्यांना त्यानं लिहिलं – ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. त्याला 'शोक करू नका' असं म्हणायचं असतं तर तिथंच थांबला असता. शाई वाचली असती त्याची. आशा नसल्यासारखा करू नका, म्हणतो तो. म्हणजे करा. आशा धरून करा."

एलिशा म्हणाला, "आमचे पाळक म्हणत्यात, मोठमोठ्या शास्त्र्यांनी लिहिलंय की रडू नये."

"लिहिलंय. खोटं नाही ते. आफ्रिकेत पटकीसारखी एक साथ आली होती, फार जुनी गोष्ट. रस्त्यात मढी पडलेली. तिथल्या बिशपानं लोकांना सांगितलं, काळे कपडे घालू नका, तुमची माणसं तिकडं पांढऱ्या कपड्यांत आहेत. त्या लोकांचं धैर्य खचलं होतं, त्यांना त्यानं दिलेलं औषध होतं ते. आपण औषधाचंच जेवण केलं. त्याच मुलखात पुढं दुसरा एक बिशप झाला. फार मोठा माणूस, ज्याच्या पुस्तकांवर आमची विद्या उभी आहे. त्याची आई वारली. लोक काय म्हणतील म्हणून त्यानं मढ्यापाशी डोळे कोरडे ठेवले. मग एकटा असताना रडला. आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, लपवलं नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या सुधारकाची तेरा वर्षांची मुलगी त्याच्या हातांत गेली. तो म्हणाला, ती सुखात आहे हे मला पक्कं माहीत आहे, तरी दुःख एवढं कसं होतंय? बघ, वचन सगळ्यांचं एकच. एकानं ते वाचलं साथीत. एकानं आईपाशी. एकानं मुलीपाशी. ज्या जागी बसून वाचशील तसं ते उघडतं."

"आन् प्रभू?" एलिशानं विचारलं.

"प्रभू आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेशी रडला. घटकाभरात त्याला उठवणार होता, हे ठाऊक असून रडला. त्याहून जास्त आशा कुणाच्या पोटात होती?"

मग एलिशानं ते विचारलं, ज्याच्यासाठी तो खरा आला होता. "पंडितजी, ती मला वळखंल का तिथं?"

पंडितजी म्हणाले, "माझी बायको जाऊन सात वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की तिथं नाती राहत नाहीत. फळ्यावर खडूनं लिहून शिकवलं. ती गेल्यावर मला ते शिकवता येईना. प्रभूनं लग्न नाही म्हटलं, ओळख नाही असं कुठं म्हटलंय? पुनरुत्थानाच्या सकाळी मरियेला तो बागेचा माळी वाटला. त्यानं तिला नावानं हाक मारली, तेव्हा तिनं ओळखलं. नाव तिकडंही चालतं, एवढं माझ्या हाती आहे, एलिशा. जास्त नाही. तेवढ्यावर मी झोपतो."

एलिशा निघाला. एस. टी.त त्याच्या डोक्यात आता दुसरंच चाललं होतं. चौदा दगड. चौदा घरं.

आणि त्याला पहिला दगड आठवला. बत्तीस वर्षांपूर्वीचा. सुभक्ताबाई शिरसाठ म्हणून वस्तीतली बाई, तिची सहा वर्षांची लेक मिर्यम घटसर्पानं गेली होती. लहान पोरीचा लहान दगड. तबिथानं दोन ओळी काढून दिल्या होत्या. खालची ओळ कोरून झाली, आणि वरच्या ओळीला हात घालताना एलिशाचा घाव चुकला. केवढी तरी कपची उडाली. वरचे शब्द गेरूसकट गेले. तो हळहळला, तेव्हा तबिथाच म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या. खालचे तीन शब्द पुरं हायेत. पोरीच्या आईला दगड आजच हवाय." कोणते शब्द गेले, हे त्यानं कधी विचारलंच नाही. पुढच्या लोकांनी तो दगड बघून तसाच मागितला. घाव ह्याचा चुकला, आणि मंडळी, अख्ख्या गावाचं रडणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिशा हत्यारांची पिशवी घेऊन कबरस्तानात शिरला. पाळकांना कुणीतरी सांगितलं, ते धावत आले.

"एलिशाभाऊ, काय करताय? दगडावरचं वचन बदलायचं म्हणजे मंडळीला विचारायला नको?"

"बदलत न्हाई, साहेब. पुरं करतोय. तुमचं पुस्तक उघडून बघा."

पाळकांनी तिथंच बायबल उघडलं. वाचलं. मान खाली घालून पुन्हा वाचलं. मंडळी, चूक कळल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. ह्या माणसानं चांगली केली. म्हणाला, "मी शिकलेला माणूस. तुमच्या बायकोच्या कबरेशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. येत्या रविवारी पुरं वाचीन. पण आधी त्या त्या घरी जाऊन विचारा. दगड तुम्ही केलात, तरी दुःख त्यांचं आहे."

म्हणून एलिशा सगळ्यात आधी सुभक्ताबाईंच्या दारी गेला. आता म्हातारी झाली होती ती. दारात बसून शेंगा सोलत होती. करड्या स्वभावाची म्हणून सगळी वस्ती तिला ओळखायची. लेक गेली तेव्हापासून कुणी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही. बाया आपसांत म्हणायच्या, दगडाचं काळीज आहे. तिच्या पाठीमागं म्हणायच्या अर्थातच. आपण पुढं कुठं काय म्हणतो?

एलिशा पायरीवर बसला. कपची उडाल्याचं सांगितलं. गेलेले शब्द सांगितले. "वहिनी, वचन असं हाय – आशा नसल्यासारखा शोक करू नका. वरचं माझ्या हातनं ऱ्हायलं. तुमची परवानगी आसंल तर घालतो."

सुभक्ताबाईंचे हात शेंगांवर थांबले.

"म्हंजे," ती म्हणाली, "रडायला चालत होतं?"

एलिशानं होकारार्थी मान हलवली.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "तवाच्या पाळकांनी वाचून दावलं. म्हनले, सुभक्ताबाई, बघा काय लिवलंय. मला वाटलं, देवानंच माझ्यासाठी लिवलंय. मी रडले तर पोरीला तिकडं तरास व्हईल. म्हनून मी न्हाई रडले, भाऊ. लई कठीन गेलं. पर न्हाई रडले."

बत्तीस वर्षं, मंडळी.

तिथून एलिशाला उठून जाता आलं असतं. माफी मागता आली असती. एखादं वचन सांगता आलं असतं, नगरहून ताजं आणलेलं होतंच. पण त्याच्या तोंडून निराळंच निघालं. तो म्हणाला, "वहिनी, मिरू कशी व्हती वो? मला नीट आठवत न्हाई."

आणि सुभक्ताबाई सांगायला लागल्या. मिरूला कैऱ्या आवडायच्या, पण मीठ नको, गूळ हवा. शेळीला ती काकी म्हणायची. गाणं म्हणताना पुढचा शब्द विसरली की तोच शब्द तीन-तीनदा म्हणत राहायची. एका कानात डूल होतं, दुसरं हरवलेलं, आणि विचारलं की म्हणायची, देवानं नेलं. हे सांगता सांगता म्हातारीचा आवाज चिरला. पदर तोंडाशी गेला. मग जे आलं ते बत्तीस वर्षांचं आलं. शेंगांचं सूप कलंडलं, कुणी उचललं नाही. वस्तीतल्या बाया धावत आल्या. दगडाचं काळीज म्हणणाऱ्याच त्या. आल्या, बघितलं आणि शेजारी बसल्या. कुणी गप्प राहा म्हणालं नाही. एलिशाही रडला, तबिथासाठी आणि मिरूसाठी, कोणत्या आसवाला कुणाचं म्हणावं ते त्यालाही कळलं नसेल.

दुपार कलल्यावर म्हातारीनं डोळे पुसले. म्हणाली, "घाल बाबा वरचे शब्द. आन् मला सांग, कुठला शब्द कुठं हाय. हात लावून बघीन."

चौदा घरी गेला एलिशा. बहुतेक घरी हो म्हणाले. एका घरी म्हणाले, आहे तेच बरं आहे, आणि तो दगड त्यानं तसाच ठेवला. बाकी तेरा दगडांवर, नावाच्या खाली आणि जुन्या ओळीच्या वर, त्यानं वचन पुरं केलं. अक्षरं काढून द्यायला तबिथा नव्हती, पाळकांनी कागदावर लिहून दिलेलं वचन तेवढं समोर होतं. पण अडतीस वर्षं ज्या वळणांवरून छिन्नी गेली ती वळणं हातात राहिली होती. अक्षरं वाकडी आली. ओळ एका बाजूला उतरली. पण वाचता येते.

शेवटी तबिथाची शिळा. तिच्यावर त्यानं नाव कोरलं, गाव कोरलं, आणि ते वचन पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत कोरलं. काम करताना मध्येच थांबायचा, डोळे पुसायचा, पुन्हा घाव घालायचा. पाळक शेजारी बसले होते. काम पुरं झालं त्या रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली तेव्हा एलिशा बाहेर गेला नाही. हात पुढं करून भाकर घेतली.

त्यानंतर तो सहा वर्षं जगला. ओढ गेली का? नाही गेली. शेवटपर्यंत नाही. विचारणाऱ्याला म्हणायचा, "जायला कशाला पायजे? भेटंस्तवर ऱ्हाईल." एवढं झालं, की ती ओढ लपवायची गरज राहिली नाही.

आता मंडळी, मला तुमच्याशी बोलायचं आहे. एलिशाचा घाव चुकला तो एकदा. आपण किती वेळा चुकतो? कुणाच्या घरी मयत होते. आपण जातो. जायलाच हवं. पण जाऊन बोलतो काय? देवाची मर्जी. चांगल्या जागी गेले. आता सावरा. दहाव्या दिवशी म्हणतो, अजून रडतेय का ती? हे बोलतो ते तिच्या भल्यासाठी, की तिचं रडणं आपल्याला बघवत नाही म्हणून? आपल्या मनाशी विचारा. मला सांगू नका.

ह्या देवळात आत्ता अशी माणसं बसलेली आहेत की ज्यांनी वर्षानुवर्षं एक नाव उच्चारलेलं नाही. मला ती ठाऊक आहेत, तुम्हालाही ठाऊक आहेत. प्रार्थना झाली की चहाला थांबू नका. त्यांच्याबरोबर त्यांच्या घरापर्यंत चालत जा. शास्त्र पिशवीत असू द्या, ते कुठं पळून जात नाही. आधी ते नाव घ्या आणि विचारा – कशी होती हो ती? कसा होता तो? आणि मग ऐका. जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ऐका.